नोंद सत्त्याऐंशी

नियतकालिकाची सूचना क्रमांक चौदा:
आधी आडनाव, मग स्वल्पविराम, मग आद्याक्षर.
रेत्नानिंग्सिहला आडनाव नाही.
आमच्या जावात पुष्कळांना नसतं,
एकाच नावाने जन्मतात, मातीही तेवढ्याच नावाला मिळते.
पण रकाना रिकामा राहिला की लाल होतो,
म्हणून तिने नाव दोनदा टाईप केलं,
अंगणातून कुणी हाक मारावी
आणि ओ येईना म्हणून पुन्हा मारावी, तसं.

मागे एकदा कुणीतरी तिला 'निंग्सिह, रे.' केलं होतं.
ती बाई अजून आहे. अकरा लेखांत तिचा उल्लेख आहे.
'माझ्यापेक्षा तिचं बरं चाललंय,' रेत्ना म्हणते.

मी सेमारांगमध्ये लोकांच्या संदर्भसूच्या झाडतो,
पानाला ठरलेला दर.
तांदूळ निवडावे तशा नोंदी निवडतो:
इथे कंस उघडाच राहिला,
इथे पूर्णविराम तिरका झालाय
(तिरका पूर्णविराम कुणालाच दिसत नाही,
मला दिसतो. बायको म्हणते, डॉक्टरला दाखवा).
नोंद बारा: एका डच अभियंत्याने काढलेला किनाऱ्याचा नकाशा.
प्रकाशक आहे, शहर आहे, पृष्ठसंख्या आहे.
त्याने मोजलेली जमीन तेवढी नाही.

नोंद सत्त्याऐंशी: तुरियाह.
बस्स. वर्ष नाही, शीर्षक नाही, खंड नाही.
कुठल्या भरतीनंतर लावलं तर खारफुटीचं रोप तग धरतं
हे तिने सांगितलं,
आणि बाकीच्या एकशे अकरा नोंदी
तिच्या त्या एका वाक्याला टेकून उभ्या आहेत.

सूचना क्रमांक एकवीस:
तोंडी माहिती सूचीत घेऊ नये.
मजकुरातच कंसात 'वैयक्तिक संवाद' लिहावं.
कारण सूचीतला संदर्भ
वाचकाला पुन्हा गाठता आला पाहिजे.

'गाठता येतो की,' रेत्ना म्हणाली,
आणि रविवारी मला मागे बसवून घेऊन गेली.
रस्ता संपला तिथून फळ्या, फळ्या संपल्या तिथून होडी.
तुरियाहने घराची जमीन तीनदा उचललीय,
खिडकी आता गुडघ्याशी येते,
दारातून आत जाताना प्रत्येकाला वाकावं लागतं,
प्राध्यापकालासुद्धा.
विचारलं, रोपं कधीपासून लावता?
'मधल्याला दात येत होते तेव्हापासून.'
कुणाकडून शिकलात?
'सासूकडून.'
आणि सासू?
'ती खेकड्यांकडे बघून.'
हे सांगताना ती हसली नाही.
मी सवयीने स्वल्पविराम देत वहीत उतरवलं:
तुरियाह, तिची सासू, खेकडे.
नियमानुसार तिघांपर्यंत नावं द्यायची,
पुढच्यांना 'आणि इतर'.
इतर सगळे गाव सोडून गेले होते.

रात्री मी नियम पाळला. माझं पोट नियमांवर आहे.
नोंद काढली, मजकुरात कंस टाकला,
कंसात रविवारची तारीख.
फक्त पुढचे आकडे वर सरकवले नाहीत.
विसरलो म्हणा.

मी हे काम टंकलेखन यंत्रावर शिकलो.
तेव्हा एकाच ग्रंथाचा लगेच पुन्हा उल्लेख आला
की आम्ही नुसतं 'तत्रैव' लिहायचो.
तिथेच. त्याच जागी.
आता तो शब्द चालत नाही,
यंत्राला 'तिथे' म्हणजे कुठे ते कळत नाही.

तीन आठवड्यांनी संपादकांचा निरोप आला, नम्र,
तांबड्या अक्षरांत:
शहाऐंशीनंतर थेट अठ्ठ्याऐंशी कसं?
सत्त्याऐंशी कुठे आहे?

बराच वेळ बोटं कळफलकावर नुसती ठेवून बसलो.
बाहेर भरतीची वेळ झाली असावी,
गटाराचं पाणी उलटं चढत होतं.
मग उत्तराच्या चौकटीत एकच शब्द टाईप केला,
पूर्णविराम सरळ आहे ना ते पाहिलं
आणि पाठवून दिला:

तत्रैव.