बारा डेसिबल

परळच्या त्या दगडी हॉस्पिटलात छताला शिडी पुरेना,
वर हेरिटेजवाले खिळा मारू देईनात,
म्हणून मी बीकन खांबांना चिकटवले, फरशीपासून दोन हात वर.
बाटलीच्या बुचाहून जरा मोठे,
आत चपटा सेल, जुन्या चार आण्यांएवढा.

बीकनला ऐकू येत नाही.
तो सेकंदाला दोनदा आपला नंबर पुटपुटतो,
नाव पुकारायच्या आधीच ‘हजर’ म्हणणाऱ्या पोरासारखा.
कान द्यायचा तो फोनने, आणि आवाज किती बसलाय त्यावरून
ठरवायचं : अगदी जवळ. जवळ. लांब.
चौथा शब्दही आहे, माहीत नाही.
तो स्क्रीनवर दिसता कामा नये, असं केणी साहेबांनी बजावलेलं.

एक्स-रे कुठे, रक्तपेढी कुठे, बावीस नंबर वॉर्ड कुठल्या जिन्याने,
आता फोन सांगतो. व्हीलचेअरीसुद्धा हरवत नाहीत.
(पूर्वी तीन कॅन्टीनमागे सापडल्या होत्या,
एकीत कांदे.)

खांब क्रमांक एकोणीस तेवढा रात्री दहानंतर खचायचा.
दिवसा माणसं आडवी येतात, पण पुढे जातात :
उणे एकाहत्तर.
रात्री उणे त्र्याऐंशी,
पहाटे साडेपाचला परत जागेवर.
सेल बदलला. बीकन बदलला.
सिस्टर फिलोमिना म्हणाल्या, जुनी इमारत आहे, जास्त विचारू नकोस.

शेवटी एका रात्री जाऊन बघितलं.
बीकनवर पाठ टेकून एक माणूस बसलेला.
भिकल्या तुंबडा, तलासरीच्या पलीकडचा. बायको बावीसमध्ये,
आणि रात्री पुरुषांना आत सोडत नाहीत.
म्हणाला, इथून तिचा खोकला ऐकू येतो.
त्या खांबाशी बसलो तर नाही येत.

माणूस म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी,
आणि पाणी ही लहर पिऊन टाकतं, हे कोर्समध्ये शिकवलं होतं.
भिकल्याकडे फोन नव्हता. नकाशावर तो कुठेच नव्हता.
होता तो फक्त बारा डेसिबलचा खड्डा,
त्याच्या पाठीएवढा.

त्याला उठवायचं का, हे साहेबांनी विचारलं नाही,
कारण मी सांगितलंच नाही.
लिहिलं : तपास चालू.

मग घरी, विटाव्याला, जेवताना लॅपटॉप उघडायची खोड लागली.
दहा वाजता आकडा उतरला की मी भात कालवायचो.
मध्येच पाच मिनिटं वर यायचा.
बिडीला उठला असेल.

अकरा मार्चला उतरला नाही.
साडेदहा. बारा.
उणे एकाहत्तर, एकाहत्तर, सत्तर.
इतका स्वच्छ सिग्नल त्या खांबाने रात्री कधी दिला नव्हता.
भात तसाच.

बावीस नंबरला दोन दारं आहेत.
एक टॅक्सी स्टँडकडे उघडतं,
एक मागे, जिथे गाडी आवाज न करता लागते.
दोन्ही दारांवर बीकन मीच लावलेत.
दोघेही रात्रभर आपापला नंबर सांगत होते.

सिस्टर फिलोमिनांचा नंबर माझ्याकडे आहे. लावला नाही.

सकाळी साहेबांचा मेसेज : एकोणीस सुधारला, काय केलंस?
मी रकाना भरला.
बिघाड आपोआप दूर.