शीत

बाक्रे मास्तरांनी फळ्यावर लिहिलं: शीतयुद्ध.
अर्थ सांगा.
माझगावची शाळा, डब्याच्या सुट्टीआधीचा तास.
मी उभा राहून म्हणालो,
भाताच्या शितावरून होतं ते.

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत.
खाली बस. शीत म्हणजे थंड.
दोघं एकमेकांना मारत नाहीत,
पण उगारलेला हात खालीही घेत नाहीत.

मला थंड कळेना.
थंड म्हणजे भुशात गुंडाळलेली बर्फाची लादी,
ससून डॉकला पोचेपर्यंत अर्धी होणारी.

दादा गोदीत टॅली क्लार्क.
त्या आठवड्यात धक्क्याला दोन बोटी,
मध्ये तेलकट काळं पाणी.
एकीतून गहू;
पोत्यापोत्यावर हातात हात घेतलेले दोन हात छापलेले.
दुसरीतून यंत्रांची खोकी,
त्यांच्यावरची अक्षरं दादा चित्रासारखी उतरवून घेत,
एक आर तर आरशात पाहिलेला.
शेड एकच. उंदीर तेच.

गुरुवारी क्रेनची स्लिंग तुटली.
चार पोती फुटली ती नेमकी खोक्यांवर,
फटींतून गहू आत, ग्रीसमध्ये.
दोन्हीकडचे एजंट धावत आले,
फ्रामरोज आणि घाणेकर.
एरवी इराण्याकडे एकाच बशीतला बन मस्का खाणारे,
आज बोलले ते दादांमार्फत.
यांना सांगा, झाकण उघडायचं नाही.
त्यांना सांगा, तूट आम्ही भरणार नाही.
दादा मध्ये, कानावर पेन्सिल,
या तोंडातलं त्या कानात नेत.
अंतर हातभर.

तोवर झाडणवाल्या आल्या.
हौसाबाईनं पदराची झोळी केली
आणि ग्रीस पुसपुसून दाणे टिपले.
तिला कुणी अडवलं नाही;
तेवढ्यापुरतं दोघांचं एकमत.

दादांनी वहीत रकाना शोधला. नव्हता.
समासात लिहिलं: सांडलं.

रात्री आईनं त्यांच्या पँटची दुमड झटकली.
अकरा दाणे, मी मोजले,
काळपट, तेलाचा वास येणारे.
यातले कुणाचे किती, विचारलं.
असतील शितं तर,
म्हणाले दादा, आणि पुढचं न म्हणताच
दिवा मालवला.

सहामाहीला तोच प्रश्न आला.
मी मास्तरांचं उत्तर लिहिलं, शब्दाला शब्द,
थंड, हात, सगळं.
दोनपैकी दोन.
दादांनी पेपर दोनदा वाचला,
कानावरची पेन्सिल काढली,
समासापर्यंत नेली
आणि परत कानावर ठेवली.