पांढरी तीन

हॅलिफॅक्समध्ये मला पियानोवाला म्हणूनच ओळखतात.
व्हॅनवर तसं लिहिलंय : व्ही. एम. होनराव, पियानो ट्यूनर,
खाली फोन नंबर, त्यातला सात पुसट झालेला.
सारंगीचं कुठे काही लिहिलेलं नाही.
ती मागच्या सीटवर असते, पट्टा बांधून,
घोंगडीत गुंडाळलेली,
दवाखान्यात न्यायच्या मावशीसारखी.

पियानो जुळवायचा म्हणजे मापात खोटं बोलायचं.
प्रत्येक पंचम केसभर उतरवायचा,
गंधार मात्र चांगला बोटभर चढवायचा,
म्हणजे बाराही स्वर कुणाशीही संसार करतात,
फार सुखाने कुणाशीच नाही.
हे शिकायला लीड्समध्ये मला दोन वर्षं लागली.
कान तयार होता, तीच अडचण.
मिस्टर थ्वेट पाठीमागून म्हणायचे,
पुन्हा गोड केलंस बघ. बिघडव जरा.

इचलकरंजीला यासीनचाचा
मागांचा खडखडाट नको म्हणून दार लावून घ्यायचे,
तानपुऱ्याची खरजाची तार एकटीच छेडायचे.
ऐक, गंधार कुणी लावलेला नाही,
तरी आलाय की नाही?
मी तेरा वर्षांचा. हो म्हणायचो.
खरोखर ऐकू आला तो दोन महिन्यांनी,
तेव्हा मी काहीच बोललो नाही
आणि चाचांनी पहिल्यांदा चहा विचारला.

वर्षातून तीन-चारदा कुणी गवई येतो,
ब्रॅडफर्डला, लेस्टरला, एकदा स्वान्सीला.
हल्ली पेटी बरोबरच आणतात.
पेटीला हवा बाधत नाही.
माझं कातडं धुक्यात सैल पडतं, हीटरपाशी ताणतं,
पस्तीस तरफा लागेपर्यंत
आयोजक दोनदा घड्याळ बघतात.
एका तरुण गायिकेनं हळूच विचारलं,
काका, थोडं मागे सरकता?
सरकलो. साथ काय,
अर्धा श्वास मागूनच करायची असते.

नोव्हेंबरात कॅल्डरच्या खोऱ्यातलं एक चॅपेल,
विकायला काढलेलं.
रविवारी शेवटची प्रार्थना.
मिसेस ॲक्रॉइडनी किल्ली दिली, थर्मासभर चहा दिला,
सांगितलं, अकरा वर्षांत पियानोला कुणी हात लावलेला नाही.
झाकण उघडलं. उंदरांनी बनातीचं काय करायचं ते केलं होतं.
पांढरी एक दाबली,
मग तिच्यासोबत पांढरी तीन.

थरथर नाही.
लाट नाही.
मी पुन्हा दाबल्या.
ओलीनं, गारठ्यानं, कुणी न विचारल्यानं
तो गंधार उतरत उतरत
नेमका आपल्या घरी येऊन बसला होता,
तीन तारा, तिन्ही एकमतानं.
बाकीचा पियानो सगळा कोसळलेला,
हा एवढाच उभा.

किती वेळ बसलो कोण जाणे. चहा गार झाला.
खोऱ्यापलीकडच्या गिरणीत आता फ्लॅट आहेत,
तिथे एकेक दिवा लागत गेला.
रविवारी साठ माणसं येणार होती, गाणार होती.
त्यांच्या कानाला हा बेसूरच वाटला असता.
त्यांचंही बरोबर होतं.
किल्ली खुंटीवर बसवली आणि चढवला.
खुंटी कुरकुरली.
पंचेचाळीस पौंड. पावती हवी का, मी विचारलं,
त्या म्हणाल्या, कुणाला दाखवू?

रात्री हेमलता झोपल्यावर
नखांच्या मुळाशी पावडर लावून बसलो.
सा लावला, पंचम लावला.
गंधाराची तरफ हीटरनं चढली होती,
जवळजवळ चॅपेलमध्ये मी चढवली तेवढीच.
खुंटीवर हात गेला, आणि काढून घेतला.
राहू दे.
बघू, आपली आपण किती वर्षांत उतरते.