दुपारी बाराचा फोटो

टॉवेलच्या कारखान्यात मी जकार्डची कार्डं पंच करतो.
भोक पाडायचं, नाहीतर नाही पाडायचं.
तिसरं काही नसतं.
म्हणून वाटलं, काळापांढरा फोटो
आपल्याला जमेल.

हप्त्यानं जुना कॅमेरा घेतला
आणि एप्रिलमधल्या एका रविवारी, भर बाराला,
समोरच्या ओट्यावर विड्या वळत बसलेल्या
नरसव्वाला म्हटलं, इकडं बघ अव्वा.
तिनं बघितलं. हात थांबवले नाहीत.

गुरुपादप्पांचा स्टुडिओ बंद होऊन अकरा वर्षं झाली.
आत आता जावई मोबाईलची कव्हरं विकतो,
ते दारात खुर्ची टाकून बसतात, मांडीवर भिंग.
फोटो हातात घेतला आणि उलटा धरला,
डोकं खाली, ओटा वर.
जन्मभर काचेवर माणसं उलटीच बघितली मी, म्हणाले,
उलट्यात माणूस दिसत नाही. चुका दिसतात.

मग एकेक.
सोलापूरचं बाराचं ऊन, ते कुणाचा चेहरा काढू देतंय का बे?
डोळ्यांच्या जागी दोन विहिरी केलास.
कपाळावर, नाकावर काहीच नाही,
तिथं नुसता कागद उरलाय.
हातावर पोट म्हणतात ते हिचंच की,
आणि हातच मनगटाशी कापलास.
आणि हे काय? म्हातारीच्या डोक्यातून
लाईटचा खांब उगवलाय?

बघितलं. उगवला होता. चार तारांसकट.
त्या दुपारी तो खांब तिथं नव्हता, शपथेवर सांगतो,
जरी वीस वर्षं मी त्यालाच सायकल टेकवतो.

काळं आणि पांढरं कुणीबी करतंय, म्हणाले.
मधलं कुठाय?
कडक भाकरी कधी उजेडात धरून बघितलास?
जा, बघ. मग ये.

मी उठलो तसं मागून म्हणाले,
डावा कान सावलीत होता. तेवढा बरा आलाय.

तो कान घेऊन मी घरी आलो.
विजापूर वेशीपासून सायकल हातात धरून, चालत.

नरसव्वानं तंबाखूचे हात पदराला पुसले,
फोटो लांब धरला, जवळ आणला.
माझी साडी हिरवी होती.
होय अव्वा.
काठ लाल.
होय.
मग दोन्ही एकच कसं केलास?

सांगून बघितलं. रंग काढून घेतला
की लाल आणि हिरवा कधीकधी
एकाच वजनाचे भरतात.
तिला पटलं नाही.
आमच्या मालकानं मागावर असला काठ काढला असता
तर सावकारानं पगार कापला असता, म्हणाली.
मग बोट कपाळावर ठेवलं, फोटोतल्या.
हे काळं काय?

कुंकू, अव्वा.

ती गप्प झाली. सुपातली पानं वाऱ्यानं हलली.
मालक आत घोरायलेत की अजून, म्हणाली,
आणि उठून करंडा घेऊन आली.
करंगळीशेजारचं बोट बुडवलं,
काळ्या ठिपक्यावर टेकवलं,
जरा दाबून धरलं,
जशी रोज आरशात धरत असेल.

दोन दिवस फोटो तिच्याकडेच होता.
पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवलेला.
मागून घेतला, गुरुपादप्पांकडे नेला.
हे मी केलं नाही, आधीच सांगून टाकलं.

त्यांनी नखानं खरवडून बघितलं.
नख लाल झालं.
भिंग उचललं, परत मांडीवर ठेवलं.
जावई गिऱ्हाईकाला काच चिकटवून देत होता,
त्याला म्हणाले, जरा बाजूला सर, उजेड येऊ दे.
आणि फोटो सुलटा धरला.

रिक्षा गेली. दुसरी गेली.
शेजारचा चहावाला दोन कप ठेवून गेला,
त्यावर साय धरली.

खांब तसाच आहे की बे,
म्हणाले.