दहा हजार हिवाळे

रोहुक्युलाच्या धक्क्यावरच्या कचेरीत
लीविका त्या रस्त्याचा अंदाज बांधते आहे
जो मार्चअखेर पाणी होईल.

पायथनच्या चौदा ओळी.
खाली-वर होणारा पारा, वारा,
बर्फावर साचलेलं भुसभुशीत हिम
आणि अडीच टनांची एक गाडी.
बाकी सारं त्या आंधळ्या आकड्यांवर सोडलेलं
जे कुणाच्या बापाचे मिंधे नाहीत.

कॉफीत साखर विरघळेतो
दहा हजार हिवाळे येऊन जातात.
दर खेपेला समुद्र गोठतो,
दर खेपेला तीच गाडी हीउमा बेटाकडे निघते.

तीनशे बारा वेळा पोचत नाही.

हेल्दुर दारात बूट झटकतो.
चाळीस वर्षं तो गिरमिटानं बर्फाला भोकं पाडतोय,
खाचा पाडलेली काठी आत सोडतोय.
'किती वेळा बुडालो मी?'
'शंभरात तीनदा. वर थोडं.'
'आठवत नाही बुवा एकदाही.'

ती पुन्हा चालवते. दोनशे अठ्ठ्याण्णव.
पुन्हा. तीनशे एकवीस.
होकायंत्राच्या सुईसारखा आकडा थरथरतो
पण दिशा सोडत नाही.

मग, कुणी सांगितलेलं नसताना,
ती एक ओळ वाढवते:
बुडालेल्यांतला एक हिवाळा उघडून दाखव.
क्रमांक सात हजार चाळीस.
एकोणीस फेब्रुवारी, उणे दोन, पश्चिमेचा वारा,
जाडी एकवीस सेंटिमीटर.
गाडीत कोण होतं ते नाही.
ते तिनं विचारलंच नव्हतं.
मागच्या सीटवर अंड्यांचा ट्रे असेल,
कुणाचा तरी दुरुस्त करून आणलेला चष्मा.
ती स्क्रीन बंद करते,
सात हजार चाळीस तरीही काही वेळ दिसत राहतो.

'आज सव्वीस,' हेल्दुर काठीवरचं पाणी पुसतो.
'रस्ता चालू ठेव.'

संध्याकाळी ती स्वतःच निघते, घर पलीकडे आहे.
हेल्दुरच्या लाल दिव्यांपासून अडीचशे मीटर मागे,
वेग पंचविसाच्या आत,
त्याहून वाढला तर बर्फाखाली लाट उठते.
पट्टा लावायचा नाही, हा इथला नियम:
दार उघडायला हात मोकळे हवेत.

गाडीला हा नियम कुणी शिकवलेला नाही.
ती टिंग टिंग वाजत राहते,
पट्टा लावा, पट्टा लावा,
थेट बेटापर्यंत.
लीविका मोजत नाही.