चांगला रिपोर्ट

जळगावच्या डॉक्टरांनी कागद आमच्याकडे फिरवला,
पेनाने गोल केला: अकरा.
आधी चारशे बारा होतं.
"छान खाली आलंय," म्हणाले, "असंच राहू दे."
हे खुर्चीत ताठ.
बत्तीस वर्षं सावदा स्टेशनात केळीचे डबे भरून घेतलेला माणूस,
एका घडाचा हिशेब चुकला तर रात्रभर कूस बदलणारा,
मधले चारशे एक कुठे गेले
ते विचारलं नाही.

दर तीन महिन्यांनी पोटाच्या कातडीत सुई.
गाठीला उपाशी ठेवायचं असतं, म्हणतात.
गाठीचं जेवण आणि आमचं
एकाच चुलीवर शिजत होतं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.

मे महिन्यात काही कळलंच नाही.
सत्तेचाळीसात अख्खं गाव घामाघूम,
त्यातून यांचा घाम कोण वेगळा काढणार?
मग डिसेंबर आला.
सातपुड्यावरून वारा उतरला,
केळी करपू नये म्हणून बागांतून लोक रात्री धूर करू लागले,
आणि हे गोधडी भिरकावून
उघड्या ओट्यावर, बनियन पिळावं इतके ओले.
"काही नाही व्हत मले, झोप तू."

मी कशाची झोपते.
मानेवरून चढणारा तो लाल वाफारा
पन्नाशीत दोन वर्षं माझ्या अंगात राहून गेलाय.
मीही म्हटलं होतं, काही नाही,
आणि उडदाचं पीठ कुटत राहिले.
आतून कोरडी पडले होते.
दुखतं, म्हणाले एकदा.
त्या रात्रीपासून हे भिंतीकडे तोंड करून झोपायला लागले.
मला वाटलं, रागाने.

आता यांच्या छातीवर थोडं भरलंय,
हात लागला तर हुळहुळतं.
पंपावरची अंघोळ सोडली.
शेतात भरताची वांगी भाजताना सगळे उघडे,
यांची बटणं गळ्यापर्यंत.
"नवरदेव झाले का मुरलीभाऊ?" कुणी म्हणालं.
हसले. घरी येऊन भाकरी नको म्हणाले.

तिसऱ्या सुईला सिस्टर होती रुक्साना तडवी, यावलची.
तिने दार लावलं,
कापूस दाबत विचारलं,
"काका, रात्रीचं कसं आहे?"
यांनी पंख्याकडे बघितलं. मी पदराकडे.
"मन होत नाही ते औषधामुळे. काकूंमुळे नाही.
आणि काकू, तुमच्यासाठीही मलम मिळतं."
मधलं वाक्य मला पुन्हा ऐकायचं होतं.
काकूंमुळे नाही.

मलम सावद्यात कसं घेणार,
दुकानात यांच्या मावसभावाचा मुलगा बसतो.
जळगावात घेतलं, वेफर्सच्या पिशवीत खाली घातलं.
एसटीत हे हळूच म्हणाले,
"आता कशाले व ते? माझं तर अकरा."
अकरा म्हणजे शून्य नव्हे, मी म्हटलं,
जरा मोठ्यानेच.
कंडक्टर सुट्टे मागत उभा होता.

त्या रात्री काही झालं नाही, असं कुणी म्हणेल.
ओट्यावर बसलो दोघं, बागांतून धुराचा वास,
मी ओल्या पंचाने पाठ पुसली,
पुढे आले, हुळहुळतं तिथे थांबले,
विचारलं.
मान हलली.
"तुहा हात मऊ आहे व,"
छत्तीस वर्षांत पहिल्यांदा.
मग वाफ उतरली, यांना हुडहुडी भरली,
आणि बाहेर गोधडी एकच होती.

मलम अजून शेवयांच्या डब्यामागे आहे.
पुढची सुई मार्चमध्ये.