उणे एकतीस

थांब्यावरच्या पाटीवर अक्षरं सरकतायत:
आपला प्रवास, आमचा जिव्हाळा.
त्याखाली: बस दोन मिनिटांत.
दोन झाली, अकरा झाली,
पाटीच्या लेखी अजून दोनच.

विनिपेगचा जानेवारी. पापण्या चिकटतात.
ओरेस्त म्हातारा मफलरीतून पुटपुटतो,
"बापाची घोड्याची घसरगाडी होती.
उशीर व्हायचा,
पण घोडा खोटं बोलत नसे."
कोणी हसत नाही. हसलं की ओठ फुटतात.

मला मात्र ते वाक्य ओळखीचं.
चौथ्या मजल्यावर, प्रतिमा आणि संवाद विभागात,
रात्री मीच झाडू मारते.
'जिव्हाळा'च्या आधी 'आपुलकी' होती,
त्याआधी 'बांधिलकी'.
कागदाचे बोळे, मोजून नऊ.
फळ्यावर 'माफी' खोडून
'समजूतदारपणाबद्दल आभार'.
भिंतीला टाचलेल्या निळ्याच्या तीन छटा;
मला तिन्ही सारख्याच दिसल्या.

तिथलाच एक पुठ्ठा उचलला,
तिथलाच मार्कर,
आणि पहाटे थांब्याच्या काचेवर चिकटवला:
सव्वासहाची काल आली नाही. आजही नाही.
सातची येते. घरीच थांबा, कॉफी संपवा.
— ल्युझविमिंदा

दुसऱ्या दिवशी खाली थरथरतं अक्षर:
शनिवारी सातचीही नाही.
कुणा पोरानं डोळे असलेली बस काढलेली.
तिसऱ्या दिवशी तर चालकच उतरला,
हातमोजा दातांत धरून लिहू लागला:
डिझेल गोठलंय. आठ गाड्या बंद.
आम्हालाही कोणी सांगत नाही. — फ्लेट
सहा वर्षं त्याच्या मागे बसतेय मी.
नाव त्या दिवशी कळलं.

गुरुवारी काच लख्ख. पुठ्ठा गायब.
त्या जागी गोल निळा स्टिकर:
आम्ही ऐकतो आहोत.

रात्री चौथ्या मजल्यावर
माझा पुठ्ठा टेबलावर, दिव्याखाली.
'कॉफी संपवा'भोवती पिवळं वर्तुळ,
शेजारी कुणीतरी आनंदानं लिहिलेलं:
हाच सूर! असाच सूर हवा!
मी टेबल पुसलं. पुठ्ठ्याला हात लावला नाही.

सोमवारी पाटीवर अक्षरं सरकतायत:
कॉफी संपवा. आपला प्रवास, आमचा जिव्हाळा.
बस दोन मिनिटांत.

ओरेस्त चष्मा पुसून दोनदा वाचतो.
"कॉफी? कुठाय कॉफी?"
मी थर्मासचं झाकण भरून त्याच्या हातात देते.
वाफेत पाटी क्षणभर दिसेनाशी होते.

पुठ्ठे तसे बरेच आहेत चौथ्या मजल्यावर.